मिस इंडियाच्या यादीत आपली लेक नाही, पण मोजपट्टी कोणाच्या हातात आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये प्रयागराजच्या संविधान सन्मान संमेलनात राहुल गांधी म्हणाले, आपण मिस इंडियाची यादी तपासली, तिच्यात एकही दलित, आदिवासी किंवा ओबीसी स्त्री सापडली नाही. केंद्रीय मंत्री किरण रिजिजू यांनी लगेच खिल्ली उडवली. मिस इंडिया काही सरकार निवडत नाही, असे त्यांचे उत्तर. दोन दिवस चॅनेलवाल्यांनी दंगा केला आणि विषय संपला.

आमच्याकडे धाराशिवात मात्र तो संपला नाही. आम्ही ज्या अभ्यासिकेत जातो तिथे बी.ए.ला असलेल्या एका मुलीने विचारले, "ताई, आपल्यातली एखादी मिस इंडिया झाली, तर १४ एप्रिलला तिचा सत्कार करायचा की नाही?" अर्धी पोरं म्हणाली, करायचाच, वाजतगाजत करायचा. उरलेली म्हणाली, अंगप्रदर्शनाला कसला सत्कार? वाद चांगलाच तापला. त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे, आणि ते देण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

जातीचा रकाना नसलेली यादी

आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू. मिस इंडियाच्या यादीत जातीचा रकाना नसतो. आडनावावरून जात ओळखण्याचा खेळ आपल्या देशात रोज चालतो, पण तो पुरावा नव्हे. म्हणून 'एकही नाही' हे कागदावर सिद्ध करता येणार नाही. पण मग 'आम्ही जात बघत नाही, गुण बघतो' हेही सिद्ध झालेले नाही! जात न लिहिणारी संस्था जात पाळत नाही, असा अर्थ होत नाही. उच्च न्यायालये, वृत्तपत्रांची संपादकीय दालने, मोठमोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे, सगळीकडे हेच उत्तर मिळते. म्हणून तर जातनिहाय जनगणनेची मागणी इतकी वर्षे करावी लागली आणि ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारला ती मान्य करावी लागली.

जातीचा रकाना नसला तरी बाकीचे रकाने बघा. पहिला उंचीचा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, आणि या स्पर्धेत उभे राहायलाच त्यापेक्षा काही इंच जास्त उंची लागते. उंची आभाळातून पडत नाही. आईच्या पोटात असताना आईला काय खायला मिळाले, पहिल्या पाच वर्षांत ताटात काय पडले, यावर ती बरीचशी ठरते. कुपोषण कोणत्या वस्त्यांत जास्त आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी दर वेळी सांगते. दुसरा रकाना रंगाचा. तो छापलेला नसतो, पण सगळ्यांना पाठ असतो. तिसरा इंग्रजीचा. चौथा पैशाचा, म्हणजे प्रशिक्षण, कपडे, दात, केस, फोटो, मुंबईत राहण्याचा खर्च. हे चार रकाने भरले की पाचवा जातीचा रकाना छापायची गरजच उरत नाही.

मंच कोणाचा, लाज कोणाची

आता इतिहास. मिस इंडिया म्हणून पहिले नाव घेतले जाते ते १९४७ चे. एस्थर अब्राहम, म्हणजे सिनेमातली प्रमिला, कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातली. १९५९ मध्ये 'फेमिना' नियतकालिक निघाले आणि १९६४ पासून त्याची स्पर्धा सुरू झाली. पहिली विजेती मेहेर कॅस्टेलिनो. दुसरीकडे 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकाची वेगळी स्पर्धा होती. तिच्यातून गेलेली रीटा फारिया १९६६ मध्ये लंडनला मिस वर्ल्ड झाली. असा किताब मिळवणारी ती पहिली आशियाई. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातली ही मुलगी मुंबईत वाढली आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये डॉक्टरकी शिकत होती. किताब मिळाल्यावर अमेरिकी विनोदवीर बॉब होपच्या ताफ्यासोबत तिला व्हिएतनामला, युद्धातल्या अमेरिकी सैनिकांचे मनोरंजन करायला नेले गेले. वर्षभरानंतर तिने हा धंदा सोडला आणि ती पुन्हा डॉक्टरकीकडे वळली.

ही नावे नीट बघा. ज्यू, पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन. सुरुवातीच्या काळात या मंचावर शहरी, इंग्रजी वळणाच्या अल्पसंख्य घरांतल्या मुलीच जास्त दिसतात. कारण उघड आहे. त्या वेळी सवर्ण हिंदू घरात मुलीने परक्यांसमोर मंचावर उभे राहणे म्हणजे अब्रू जाणे. कुलीन स्त्री उंबऱ्याच्या आत, हाच नियम.

मग उंबऱ्याच्या बाहेर, मंचावर, शेकडो पुरुषांच्या नजरेसमोर पिढ्यान्‌पिढ्या कोण उभे होते? आपल्याच आया-बहिणी! तमाशाच्या फडात महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या स्त्रिया नाचल्या. मुरळी, जोगतीण, देवदासी म्हणून देवाच्या नावावर सोडल्या गेल्या त्याही बहुतेक याच समाजांतल्या. गावाने त्यांच्याकडे डोळे भरून बघितले, दौलतजादा केला आणि सकाळी त्यांनाच अश्लील ठरवले. बघणारा मात्र कधी अश्लील ठरला नाही. प्रा. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या या कोंडीचा इतिहास लिहिला आहे. पुण्याच्या येरवडा वस्तीत वाढलेल्या पाईक यांना २०२४ मध्ये अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्या किती अभ्यासिकांमध्ये त्यांच्या नावाचा फलक लागला?

नव्वदच्या दशकात बाजार आला आणि मंचाची किंमत बदलली. जो मंच अब्रू घालवणारा होता, तोच देशाचा अभिमान झाला. नागपूरची मधू सप्रे १९९२ मध्ये मिस युनिव्हर्सच्या अंतिम फेरीत पोचली, तिसरी आली. देशाचे नेतृत्व मिळाले तर काय करशील, या प्रश्नावर मी मोठे क्रीडांगण बांधीन, असे ती म्हणाली. खेळाडू मुलगी, खेळाचे बोलली. या 'चुकीच्या' उत्तरामुळे मुकुट गेला, असे आजही सांगितले जाते. म्हणजे उत्तरसुद्धा परीक्षकांच्या मापाचेच हवे. पुढच्या वर्षी नम्रता शिरोडकर मिस इंडिया झाली. मराठी घरांत कौतुक झाले, आणि त्या कौतुकात कोणाला लाज वाटली नाही.

इथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. शरीर मंचावर ठेवणे ही गोष्ट एकच. तमाशातल्या बाईसाठी ती लाज, रॅम्पवरच्या मुलीसाठी ती राष्ट्राची शान. लाज आणि शान ठरवणारी मोजपट्टी दोन्ही वेळा एकाच हातात राहिली. ब्राह्मणी व्यवस्थेची ताकद या हातात आहे.

१९९४: मुकुट आणि पत्र्याचे शेड

२१ मे १९९४ रोजी सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली. १९ नोव्हेंबरला ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. त्या वर्षी भारत जगात चमकला, असे आजही पाठ्यपुस्तकासारखे सांगितले जाते. त्या वर्षी आपला जिल्हा कुठे होता?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातला उमरगा-लोहाऱ्याचा भाग जमीनदोस्त झाला. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या घरांखाली माणसे झोपेतच गेली. वाचलेली १९९४ मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्याच वर्षी, १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १९७८ पासून सोळा वर्षे, जाळलेल्या वस्त्या आणि सांडलेले रक्त यांच्या किमतीवर. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राने देशातले पहिले राज्य महिला धोरण जाहीर केले. आणि ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे ग्रामपंचायतीत स्त्रियांना, त्यात अनुसूचित जातींच्या स्त्रियांनाही, राखीव जागा मिळू लागल्या. ज्या चावडीसमोरून चप्पल काढून जावे लागे, तिथे आपली बाई खुर्चीवर बसण्याचा कायदेशीर रस्ता उघडला.

आम्ही तेव्हा लहान होतो. १९९४ म्हटले की आमच्या पिढीला काय आठवते ते विचारून बघा. दोन मुकुट! घरोघर नुकती केबल येत होती आणि टीव्हीने आमच्या आठवणीसुद्धा निवडून दिल्या. नामविस्ताराचे वर्ष सांगायला आज विद्यार्थी अडखळतो. हा दोष त्या दोन मुलींचा नाही. त्या मेहनतीने जिंकल्या. पण बाजारपेठ उघडलेल्या देशाला सौंदर्यप्रसाधने विकायची होती आणि त्यासाठी चेहरे हवे होते. १९७५ पासून विकले जाणारे 'फेअर अँड लव्हली' याच काळात खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पुडीत पोचले. त्याच्या नावातला 'फेअर' काढायला कंपनीला २०२० साल उजाडले. नाव बदलले, गोरेपणाची हाव तशीच राहिली.

दोन विरोध आणि तिसरा आवाज

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी बंगळुरूमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धा झाली. अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने ती भरवली होती. विरोध इतका झाला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. एका बाजूला संस्कृतिरक्षक होते. त्यांना भारतीय नारीचे पावित्र्य धोक्यात दिसत होते. दुसऱ्या बाजूला डाव्या स्त्री संघटना आणि शेतकरी संघटना होत्या. त्यांना बहुराष्ट्रीय कंपन्यांचा बाजार दिसत होता. दुसऱ्यांशी आपले बरेच जुळते. पहिल्यांशी मात्र काही जुळत नाही. ज्यांना देवदासीत, मुरळीत पावित्र्याचा भंग दिसला नाही, त्यांना पोहण्याच्या पोशाखात तो दिसला! आपली पोरं जेव्हा 'अंगप्रदर्शन' म्हणून नाक मुरडतात, तेव्हा आपण नकळत कोणाची भाषा बोलतो, हे तपासून घ्यावे.

त्याच काळात तिसरा आवाज उभा राहत होता. १९९५ मध्ये रूथ मनोरमा यांच्या पुढाकाराने दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षी गोपाळ गुरू यांनी, दलित स्त्रिया वेगळे का बोलतात, हा प्रश्न लेखातून मांडला. आणि बंगळुरूच्या मुकुटानंतर महिनाभरात, डिसेंबर १९९६ मध्ये, चंद्रपूरला विकास वंचित दलित महिला परिषद भरली. मनुस्मृती दहनाचा २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, असा प्रस्ताव तिथे पुढे आला. बंगळुरूचा कार्यक्रम जगभर दिसला. चंद्रपूरला कॅमेरा गेला नाही. आज मात्र दरवर्षी २५ डिसेंबरला गावोगाव स्त्रिया जमतात, आणि १९९६ ची मिस वर्ल्ड कोण, हे कोणालाही आठवत नाही.

काळ्या बांधवांनी काय केले?

हा पेच आपल्यापुढे पहिल्यांदा आलेला नाही. अमेरिकेच्या मिस अमेरिका स्पर्धेत एके काळी नियमच होता की स्पर्धक गोऱ्या वंशाची असावी. नियम १९५० च्या सुमारास गेला, तरी काळी स्पर्धक तिथे पोचायला १९७० साल लागले. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत दोन घटना एकाच दिवशी घडल्या. सभागृहाबाहेर स्त्रीवाद्यांनी स्पर्धेविरुद्ध निदर्शने केली आणि जवळच काळ्या समाजाने स्वतःची 'मिस ब्लॅक अमेरिका' स्पर्धा भरवली. सॉन्ड्रा विल्यम्स या विद्यार्थिनीने आपले कुरळे केस सरळ न करता तो किताब घेतला. एक विरोध म्हणत होता, मोजणेच बंद करा. दुसरा म्हणत होता, आमच्या मापाने मोजा. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, लंडनच्या मिस वर्ल्डमध्ये स्त्रीवाद्यांनी पिठाच्या पिशव्या फेकल्या. सूत्रसंचालक होता तोच, रीटा फारियाला व्हिएतनामला नेणारा बॉब होप. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टेन ही पहिली काळी मिस वर्ल्ड झाली. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने एक गोरी आणि एक काळी अशा दोन वेगळ्या मुली पाठवल्या होत्या.

ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही. त्यातून एक धडा घ्यावा. ज्याला दारातच अडवले जाते, त्याच्यासाठी आत शिरणे हाही लढा असतो. आत शिरलेल्या मुलीला नावे ठेवणे सोपे आहे. पण आत शिरल्याने घर आपले होत नाही, हेही तितकेच खरे. १९८३ मध्ये व्हेनेसा विल्यम्स पहिली काळी मिस अमेरिका झाली. तिच्या संमतीशिवाय तिचे जुने फोटो छापले गेले आणि वर्षाच्या आत मुकुट तिलाच सोडावा लागला.

आणि आपल्याकडे? मे २०२५ मध्ये तेलंगणात मिस वर्ल्ड भरली. १९५६ पर्यंत आपला जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्याच राजधानीत. रामप्पा मंदिरात काही स्पर्धकांचे पाय स्थानिक स्त्रियांनी धुतले आणि पुसले. ते चित्र देशाने पाहिले. संस्कृती म्हणून त्याचे समर्थनही झाले. एका बाईचे सौंदर्य साजरे करायला दुसऱ्या बाईला तिच्या पायाशी बसवणारा तो सोहळा होता. श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगायला आणखी कोणते चित्र हवे?

महाडचे उत्तर

या सगळ्याच्या कितीतरी आधी, डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब महाडमध्ये जमलेल्या आपल्या स्त्रियांशी बोलले. लुगडे कसे नेसता, गळ्यात आणि हातात काय घालता, यावर ते बोलले. गुडघ्यापर्यंत लुगडे, गळ्यात गाठल्यांचे ओझे, हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने ही तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे, ती टाका, असे त्यांचे सांगणे होते. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असावा, आणि मुलींना शिकवा. ऐकणाऱ्या स्त्रियांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली.

काही विद्वान म्हणतात, हे तर उच्चवर्णीयांचे अनुकरण झाले. आम्हाला ते पटत नाही. बाबासाहेबांनी स्त्रियांना सुंदर दिसायला सांगितले नाही. दुसऱ्याने अंगावर चढवलेली जातीची खूण उतरवायला सांगितले. लांबून बघून आपली किंमत ठरवणाऱ्याच्या हातातले मापच त्यांनी काढून घेतले. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना त्यांनी तो धंदा सोडायला सांगितले. भाषा कठोर होती, पण मागणी तीच होती, माणुसकीची. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर ते म्हणाले की, समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. बाबासाहेबांकडेही माप होते. त्या मापाने स्त्रीचे शरीर मोजले जात नव्हते, समाज मोजला जात होता.

आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. आमची आजी त्या भागातली. तिची आई परिषदेनंतर हातातले गोठ उतरवून बसली आणि सासूने विचारल्यावर म्हणाली, हात हलके झाले. हे वाक्य आजी मरेपर्यंत सांगायची.

आता आपल्या घरातले

आता कडू बोलतो. गेल्या काही वर्षांत आम्ही आपल्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यांत स्वयंसेवक म्हणून काम केले. मागे तथागत आणि बाबासाहेबांची प्रतिमा, सुरुवातीला त्रिशरण-पंचशील. मग एकेक मुलगी मंचावर येते, माईकवर नाव, शिक्षण, उंची सांगते, आणि खाली बसलेले लोक बघतात. अर्जात 'वर्ण' नावाचा रकाना असतो. मुलाकडच्या अपेक्षांत 'गोरी, उंच, सडपातळ'. एकदा एम.एस्सी. झालेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी मंचावरून उतरून आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, रंगाच्या रकान्यात मी काय लिहू? सावळी लिहिलं तर फोन येत नाहीत, गव्हाळ लिहिलं तर खोटं होतं." आम्ही तिला 'रिकामा ठेव' म्हणालो. आज त्याची लाज वाटते. तो रकाना आम्ही तिथेच फाडायला हवा होता.

मिस इंडियाला परीक्षक असतात आठ-दहा. आपल्या मेळाव्यात पाचशे असतात. आणि ते कोणी मनुवादी नसतात, जयभीम म्हणणारे असतात. १९२७ मध्ये जी खूण आपल्या पणज्यांनी हातावरून उतरवली, ती आपण नातींच्या कातडीवर पुन्हा शोधतो आहोत!

तर त्या अभ्यासिकेतल्या मुलीला उत्तर. होय, आपल्यातली एखादी मिस इंडिया झाली तर तिचा सत्कार करू. तिला अडवायचा अधिकार कोणालाही नाही, आणि तिच्या कपड्यांवर बोलणाऱ्याला आपल्या मंचावर जागा नाही. पण त्याच मंचावर तिच्याआधी गावची सरपंच बाई बसेल, ऊसतोडीच्या फडातून येऊन दहावी झालेली पोर बसेल, आणि पुढचा मुकुट मागण्याआधी आपण आपल्या हातातली पट्टी टाकू.

सुरुवात या वर्षी करता येईल. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक वधू-वर मेळाव्याच्या संयोजकांना भेटा आणि अर्जातला 'वर्ण' हा रकाना काढायला लावा. रकाना राहिला तर त्या मेळाव्यात काम करायला नकार द्या. आम्ही तसे कळवले आहे. २५ डिसेंबरला, भारतीय स्त्रीमुक्ती दिनी, आपल्या वस्तीत महाडच्या त्या भाषणाचे वाचन ठेवा आणि ते मुलींनाच वाचू द्या. हात हलके होतील.

जय भीम! नमो बुद्धाय!